जुन्या घड्याळातली वही: नॅन्सी ड्रू, १९३० ची आणि १९५९ ची

चौदाव्या वर्षी जे पुस्तक मी लागोपाठ तीनदा वाचलं, ते मुळात वेगळंच होतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. 'द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक', नॅन्सी ड्रूच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक. १९७६ च्या मे महिन्यात दादरला मावशीकडे राहायला गेले होते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तकं देणारी एक छोटी लायब्ररी होती. तिथून मावसभावाच्या नावावर हे पुस्तक आणलं. पिवळा कणा, कव्हरवर घड्याळ हातात घेतलेली मुलगी. माझं शिक्षण साताऱ्याला मराठी शाळेत झालेलं. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात वीरकरांची डिक्शनरी, असं पहिलं वाचन आठ दिवस चाललं होतं. दुसरं चार दिवसांत झालं. तिसऱ्या वेळी डिक्शनरी उघडलीच नाही.

गेल्या दिवाळीत तेरा वर्षांच्या नातीला द्यायला म्हणून तेच पुस्तक पुन्हा मागवलं. मागवताना लक्षात आलं की त्याचे दोन अवतार मिळतात. एक पिवळं, आपल्या ओळखीचं, १९५९ मध्ये नव्याने लिहिलेलं. दुसरं १९३० सालच्या पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रत, अमेरिकेतल्या ॲपलवूड बुक्सने १९९१ पासून काढलेली. दोन्हींवर नाव तेच, लेखिका तीच, कॅरोलिन कीन. दोन्ही घेतली. डिसेंबरच्या थंडीत सकाळी चहा झाला की आधी एकातलं प्रकरण आणि मग दुसऱ्यातलं, असं शेजारी ठेवून वाचलं. नातीनेही दोन्ही वाचली. हे लिहिते आहे ते त्या वाचनाबद्दल, आणि कुणाला आपल्या घरातल्या मुलीसाठी यातलं एक घ्यायचं असेल तर कोणतं घ्यावं याबद्दल.

आधी गोष्ट. रिव्हर हाइट्स नावाच्या गावात जोसाया क्रॉली नावाचे एक म्हातारे गृहस्थ वारतात. त्यांचा सगळा पैसा टॉपहॅम नावाच्या श्रीमंत, गर्विष्ठ कुटुंबाला जाणार, कारण मृत्युपत्र त्यांच्या नावाने आहे. शेवटची काही वर्षं क्रॉली त्यांच्याकडेच राहत होते, पण तिथे त्यांना मान नव्हता. त्याआधी ज्यांनी त्यांना जेवू घातलं, आजारपणात त्यांच्या उशाशी बसले, ती माणसं गरिबीत दिवस काढताहेत. त्यातल्या प्रत्येकाला क्रॉली कधी ना कधी म्हणाले होते, 'तुमची सोय मी करून ठेवीन.' दुसरं, नंतरचं मृत्युपत्र कुठेतरी असणार, अशी नॅन्सीला खात्री वाटते. तिचे वडील कार्सन ड्रू वकील आहेत. नंतरचं मृत्युपत्र सापडलं तर आधीचं रद्द होतं, हे ती घरातच ऐकून शिकलेली. मग ती शोधाला लागते.

खून नाही, रक्त नाही. मृत्युपत्र हरवलंय, बस. पहिली काही पानं वाचून नात म्हणाली, "आजी, एवढंच?" तिने आजकालच्या मुलींच्या रहस्यकादंबऱ्या वाचल्या आहेत, त्यांत मुडदा पडल्याशिवाय दुसरं प्रकरण सुरू होत नाही. मी तिला म्हटलं, "एवढंच. पुढे वाच."

'एवढंच' किती मोठं असतं ते मला ठाऊक आहे. मी ३६ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली सात वर्षं लॉकरचा विभाग माझ्याकडे होता. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. बँकेची आधी फिरवायची, मग ग्राहकाची. आपली किल्ली फिरवून झाली की आपण बाहेर यायचं, आत काय आहे ते बघायचं नाही. ग्राहक वारला, की मग मात्र साक्षीदारांसमोर उघडून एकेका वस्तूची यादी करावी लागते. ती यादी माझ्या हाताने मी कितीतरी वेळा लिहिली आहे.

त्यातली एक कधी विसरले नाही. एक निवृत्त मास्तर, अविवाहित. शेजारच्या घरातली एक मुलगी नऊ वर्षं त्यांचा डबा, औषधं, डॉक्टर, सगळं बघायची. ते तिला 'माझी मानलेली लेक' म्हणायचे, बँकेतसुद्धा तिला सोबत घेऊन यायचे आणि आम्हाला सांगायचे, "घर हिचं आहे बरं का." ते गेले तेव्हा मुंबईहून पुतणे आले. लॉकर उघडला. एक साखळी, जुनी सर्टिफिकेटं आणि वहीचं फाडलेलं एक पान. त्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं की राहतं घर अमुक मुलीला द्यावं. खाली सही, तारीख. साक्षीदार एकही नाही. आपल्याकडे १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्याच्या रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, स्टँपपेपरही लागत नाही, साध्या कागदावर चालतं, पण साक्षीदार हवेतच. यादीत मी लिहिलं, 'हस्तलिखित कागद, नग एक.' ती मुलगी बाकावर बसून होती. तिने तो कागद हातात घेतला, वाचला आणि पुतण्यांना परत दिला.

म्हणून या पुस्तकात क्रॉलींनी ज्यांना शब्द दिला होता ती माणसं एकेक करून भेटायला लागतात तेव्हा मला ती कागदावरची वाटत नाहीत. ग्रेस आणि अ‍ॅली या दोन बहिणी (१९३० च्या पुस्तकात त्यांचं आडनाव हॉर्नर, नव्यात हूव्हर) गावाबाहेर एका मोडकळीला आलेल्या शेतघरात राहतात. पावसात अडकलेली नॅन्सी आडोशाला म्हणून त्यांच्याकडे शिरते. घरात दारिद्र्य आहे आणि तरी त्या पाहुणीपुढे काहीतरी ठेवतात. तिथे बोलण्याच्या ओघात क्रॉलींचं नाव निघतं. तपास सुरू होतो तो असा, कुणाच्या तरी ओसरीवर पाऊस थांबायची वाट बघत.

पुस्तकातला सगळ्यात चांगला प्रसंग मात्र अ‍ॅबी रोवनचा. ही म्हातारी एकटी राहते. नॅन्सी तिच्या दारात पोचते तेव्हा ती पडून पायाला लागलेल्या अवस्थेत विव्हळते आहे. घरात खायला नाही. मृत्युपत्राचा प्रश्न नॅन्सीच्या ओठांवर आहे, पण ती तो विचारत नाही. आधी म्हातारीचा पाय बघते, चूल पेटवते, खायचं आणते, चहा करून देते. मग जवळ बसते. म्हातारीला आठवतं की जोसायाने कशाबद्दल तरी सांगितलं होतं, कुठल्यातरी वहीबद्दल, पण ती वही कुठे ठेवली ते काही केल्या आठवत नाही. नॅन्सी आठवून द्यायचा प्रयत्न करते, म्हातारी दमते, डोळे मिटते. आणि त्या शांततेत घरातलं घड्याळ ठोके देतं. म्हातारीचे ओठ हलतात. घड्याळ!

हा प्रसंग मी नातीला मोठ्याने वाचून दाखवला. म्हाताऱ्या माणसांची आठवण अशीच येते. प्रश्नाने येत नाही, आवाजाने येते, वासाने येते. माझी आई शेवटच्या दोन वर्षांत माणसं विसरली होती, पण कुकरची शिटी झाली की "डाळ झाली, गॅस बारीक कर" असं बरोबर म्हणायची. कुणीतरी १९३० साली पोरीबाळींसाठीच्या एका स्वस्त पुस्तकात हे बरोबर टिपून ठेवलं. आणि तपास करणाऱ्या मुलीला आधी चूल पेटवायला लावलं, मग उत्तर दिलं. दोन्ही आवृत्त्यांत हा प्रसंग आहे आणि दोन्हींत तो चांगला आहे.

त्यानंतर मून लेक. टॉपहॅम मंडळींचा तळ्याकाठी बंगला आहे, क्रॉलींचं घड्याळ तिथे गेलेलं. मैत्रीण हेलन कॉर्निंग तिथल्याच शिबिरात असते, ते निमित्त साधून नॅन्सी जाते. बंगल्यात शिरते तर सामान अस्ताव्यस्त, चोर सगळं भरून नेताहेत. ती लपते, सापडते, आणि चोर तिला कपड्यांच्या कपाटात कोंडून कुलूप लावून निघून जातात. उन्हाळी बंगला, आजूबाजूला कुणी नाही. इथे ती मुलगी जे करते ते मला चौदाव्या वर्षी तोंडपाठ होतं. आधी दारावर धडका देते, ओरडते. दमते. मग स्वतःला थांबवते आणि अंधारात हाताने चाचपत जाते. कपडे अडकवायची लाकडी दांडी हाताला लागते. ती उपसून काढते आणि दाराच्या फटीत, बिजागऱ्यांच्या बाजूला, पहारीसारखी घालून जोर लावते. कुलपाच्या बाजूला नाही, बिजागऱ्यांच्या. त्या वेळी मावशीच्या घरातलं कपाट मी आतून तपासलं होतं. त्याला दांडी नव्हती, फळ्या होत्या, आणि मला खरंच काळजी वाटली होती.

इथपर्यंत दोन पुस्तकं हातात हात घालून चालतात. फरक आहे तो त्या मुलीत.

१९३० ची नॅन्सी सोळा वर्षांची आहे. १९५९ ची अठरा. पहिलीची आई ती दहा वर्षांची असताना गेली, दुसरीची ती तीन वर्षांची असताना. हा बदल मला आधी क्षुल्लक वाटला. पण दहा वर्षांच्या मुलीला आई आठवते. आई गेल्यावर घर तिने हातात घेतलेलं असतं, वाण्याची बिलं तीच भागवते, हॅना ग्रुएन ही घरकाम करणारी बाई तिच्या सांगण्याप्रमाणे वागते. तीन वर्षांच्या मुलीला मात्र हॅनानेच वाढवलेलं, त्यामुळे नव्या पुस्तकात हॅना आईच्या जागी आहे, काळजी करते, जपून जा म्हणते. एका आकड्याने घरातली सत्ता इकडची तिकडे झाली.

जुनी नॅन्सी फटकळ आहे. तिला टॉपहॅम आवडत नाहीत हे ती पहिल्याच पानावर वडिलांसमोर बोलून मोकळी होते. पुस्तक तिथेच सुरू होतं, बापलेकीच्या बोलण्यातून. नवं पुस्तक तिच्या निळ्या कन्व्हर्टिबल गाडीतून सुरू होतं, वडिलांची कागदपत्रं पोचवून ती परत येते आहे आणि ज्यूडी नावाची एक लहान मुलगी दुसऱ्याच एका व्हॅनखाली येता येता वाचते, पुलावरून खाली पडते. ज्यूडी जुन्या पुस्तकात नाहीच. आजच्या मुलांना पहिल्या पानावरच काहीतरी घडायला हवं असतं, तेव्हा ही सुरुवात चपळ आहे हे मान्य. पण ज्यूडी आल्यामुळे नॅन्सीला आधी दयाळू ठरवलं जातं आणि मग हुशार. जुनी आधी संतापते. कुणाचं तरी हक्काचं दुसऱ्याच्या घशात जातंय म्हणून संतापते, आणि तो संताप तिला शेवटपर्यंत पुरतो. चोरांच्या गाडीतून घड्याळ हाती लागल्यावर ती ते पोलिसांपासून लपवून ठेवते. एकदा ते सरकारजमा झालं की मृत्युपत्राचं काय होईल याची खात्री तिला नाही. ते बरोबर की चूक यावर माझं आणि नातीचं तासभर वाजलं. ती म्हणाली, पुरावा लपवणं हा गुन्हा आहे. मी म्हटलं, हो, आहे. ती म्हणाली, मग तुला ती का आवडते? मी तिला वहीच्या त्या पानाची गोष्ट सांगितली, नावं न सांगता. ती गप्प बसली, आणि मग म्हणाली, "तुझं केलंस का, दोन साक्षीदारांचं?" केलं आहे. कुठे ठेवलं आहे तेही तिच्या आईला माहीत आहे, पण मी तिलाही कपाट उघडून दाखवलं.

आता जी गोष्ट लिहिताना मला जड जातंय ती. १९३० च्या पुस्तकात मून लेकच्या बंगल्याचा रखवालदार आहे, जेफ टकर. तो कृष्णवर्णीय आहे. चोरांनी त्याला दारू पाजून बाजूला काढलेलं, आणि तो झिंगत परत येतो. लेखिकेने त्याला मोडकीतोडकी, हसण्यासाठी म्हणून रचलेली इंग्रजी दिली आहे, तो घाबरट दाखवला आहे, आणि सोळा वर्षांची नॅन्सी त्या प्रौढ माणसाशी लहान पोराशी बोलावं तसं बोलते. ती पानं वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्या मुलीने अ‍ॅबी रोवनची चूल पेटवली ती हीच, यावर विश्वास बसत नाही. पण तीच आहे, त्याच पुस्तकात, पन्नासेक पानांच्या अंतरावर. १९५९ मध्ये ही मालिका चालवणाऱ्या हॅरिएट ॲडम्स यांनी ती नव्याने लिहून घ्यायला सुरुवात केली त्यामागे हे एक मोठं कारण होतं. पालकांच्या तक्रारी येत होत्या, आणि त्या रास्त होत्या. नव्या पुस्तकात जेफ आहे, पण त्याचा वर्ण सांगितलेला नाही आणि त्याची टिंगल नाही.

दुसरं कारण खर्चाचं आणि वेगाचं होतं. २५ प्रकरणांची २० झाली, २००च्या वर पानं होती ती १८० वर आली. अपमान काढून टाकला हे चांगलं झालं. पण त्याच कात्रीने त्या मुलीचा ताठा, तिचे लांब विचार, वाटेतलं रान, पावसाची वर्णनं, हेही छाटलं गेलं. ते छाटायची गरज नव्हती. जेफची चार पानं सुधारून बाकीचं पुस्तक तसंच ठेवता आलं असतं.

नात म्हणाली, "मग हे छापलंच कशाला परत?" तिला जुनं पुस्तक देताना मी ती पानं आधी सांगून ठेवली होती, आणि ती वाचून झाल्यावर आम्ही बोललो. आपल्याकडच्या जुन्या बालवाङ्मयातही काळ्या रंगावरून, जातीवरून, व्यंगावरून केलेले विनोद आहेत आणि ते आम्ही लहानपणी खिदळत वाचले आहेत. मी तिला तेही सांगितलं. तेव्हा आम्हाला कुणी थांबवलं नाही.

लेखिकेबद्दल थोडं. कॅरोलिन कीन नावाची बाई नव्हतीच. एडवर्ड स्ट्रेटमायर नावाचा एक प्रकाशन-व्यावसायिक होता, मुलांच्या मालिकांचे आराखडे तो स्वतः करायचा आणि लेखकांकडून ठरीव पैशात लिहून घ्यायचा. नॅन्सी त्याचीच कल्पना. पण ती कागदावर उतरवली आयोवातल्या मिल्ड्रेड वर्ट नावाच्या चोवीस वर्षांच्या पत्रकार मुलीने, पुढे दुसऱ्या लग्नानंतरचं नाव मिल्ड्रेड वर्ट बेन्सन. पहिली तीन पुस्तकं २८ एप्रिल १९३० ला एकदम बाजारात आली आणि १० मे रोजी स्ट्रेटमायर वारला. आपली ही मुलगी किती लांब जाणार आहे ते त्याने पाहिलं नाही. मिल्ड्रेडला एका पुस्तकाचे १२५ डॉलर मिळाले. पुढच्या विक्रीत हिस्सा नाही, नावावर हक्क नाही, आणि आपण लिहिलं हे कुणाला सांगायचंही नाही, अशा करारावर सही. पहिल्या तीसपैकी तेवीस पुस्तकं तिची. १९८० साली प्रकाशकांमध्ये कोर्टकज्जा झाला त्यात ती साक्षीला आली, आणि मग हळूहळू जगाला कळलं की नॅन्सी कुणी लिहिली. ती शहाण्णव वर्षं जगली, विमान चालवायला शिकली, आणि २००२ मध्ये जाईपर्यंत टोलीडोच्या वर्तमानपत्रात लिहीत होती.

बँकेत करारांवर सह्या घेणं हे माझं रोजचं काम होतं, म्हणून असेल, पण मला त्या १२५ डॉलरचा विचार सारखा येतो. जिने मृत्युपत्रात डावलल्या गेलेल्या माणसांची गोष्ट लिहिली, तिला स्वतःला तिच्या लेखणीच्या कमाईतून डावललं गेलं. आणि १९५९ च्या पुस्तकातून तिची वाक्यंही गेली. मी १९७६ साली जे वाचलं त्यात तिचं थोडंच उरलं होतं. ॲपलवूडची प्रत हातात घेतली तेव्हा म्हणूनच मला फार बरं वाटलं. जाड कागद, घट्ट बांधणी, रसेल टँडी यांची मूळची चित्रं, आणि पुढे सारा पारेत्स्की या रहस्यकथा-लेखिकेची प्रस्तावना. ती प्रस्तावना आधी वाचू नका, गोष्ट झाल्यावर वाचा. छपाईचा टाइप मात्र जुन्या धाटणीचा आहे, माझ्या वयाच्या डोळ्यांना दिव्याखाली बसावं लागलं.

उणिवा दोन्हींत आहेत. टॉपहॅमांच्या दोन मुली, एडा आणि इझाबेल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसत्या आखडू. एकदाही त्यांच्यातलं माणूस दिसत नाही. गरीब तो सालस आणि नवा श्रीमंत तो नीच, असा सरळ हिशेब आहे. नॅन्सीला पैशाची चिंता नाही, गाडी वडिलांनी दिलेली, पेट्रोलचा विचार नाही. वकिलाची लेक असल्याने तिला दारं उघडतात, आणि पुस्तकाला त्याचं भान नाही. योगायोग तर ठासून भरले आहेत. पाऊस नेमका त्याच घरासमोर येतो, चोर नेमके त्याच दिवशी त्याच बंगल्यात.

शेवटाकडे मृत्युपत्राचा माग बँकेच्या लॉकरपर्यंत जातो, आणि इथे मी जरा सरसावून बसले. क्रॉलींनी लॉकर वेगळ्या आडनावाने घेतलेला असतो. वहीसोबत किल्ली असते. वडील न्यायाधीशाची परवानगी घेऊन येतात, मग लॉकर उघडतो. १९३० साली वेगळ्या आडनावाने लॉकर मिळत असेल, आज आधार-पॅनशिवाय कुणी दारातही उभं करणार नाही. नातीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिने एक बरोबर प्रश्न विचारला: किल्ली हातात आहे तर न्यायाधीश कशाला? कारण किल्ली असणं म्हणजे हक्क असणं नव्हे. नॉमिनी असणं म्हणजेसुद्धा मालक असणं नव्हे, तो वारसांच्या वतीने ताबा घेतो. हे मी नोकरीत हजार जणांना सांगितलं असेल. या पुस्तकाने ते तेरा वर्षांच्या मुलीला अर्ध्या पानात सांगितलं, आणि ते तिच्या लक्षात राहिलं.

मी मोठी झाले ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर. फुरसुंगीचा बनेश, सायकल, 'ट्टॉक'. त्याच्यावरचं प्रेम आजही तसूभर कमी नाही. पण त्या वयात, मी स्वतः मुलगी असताना, जिच्या नावावर गोष्ट चालते अशी शोध घेणारी मुलगी मला मराठीत भेटली नव्हती. ती दादरच्या त्या लायब्ररीत भेटली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सँड्रा डे ओकॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायोर या तिन्ही न्यायाधीश बायकांनी लहानपणच्या वाचनात नॅन्सी ड्रूचं नाव घेतलं आहे. मी साताऱ्याची एक बँक-अधिकारी. पण पहिल्यांदा लॉकरची यादी करायला उभी राहिले तेव्हा घाबरले नाही, आणि ते धैर्य कुठून आलं ते मला माहीत आहे.

तर घेण्याबद्दल. मूल दहा-अकराचं असेल, किंवा इंग्रजी अजून अडखळत असेल, तर पिवळं १९५९ चं द्या. वाक्यं छोटी आहेत, प्रकरण संपताना पुढचं ओढतं, कुठे अडत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना तर स्वतःच्या बळावर वाचायचं पहिलं इंग्रजी पुस्तक म्हणून मी हेच देईन. शब्दकोश जवळ असू द्या, पण दर शब्दाला उघडायला लावू नका. तेराच्या पुढच्या मुलीला, मुलालाही, १९३० चं द्या, आणि जेफ टकरची पानं त्यांच्या आधी स्वतः वाचून ठेवा. ते पुस्तक एकटीने वाचू द्यायचं नाही. किमतीला ते पिवळ्याच्या जवळजवळ तिप्पट पडलं, कारण बाहेरून मागवावं लागलं.

ऑनलाइन घेताना फसायला होतं, कारण दोन्हींचं नाव आणि लेखिकेचं नाव एकच, आणि जुनी कव्हरची चित्रं कुठेही वापरलेली असतात. विक्रेत्याला प्रकरणं किती ते विचारा. २५ असतील तर जुनं, २० असतील तर नवं. आतलं पहिलं पान बघायला मिळालं तर आणखी सोपं: नॅन्सी घरात वडिलांशी बोलत असेल तर मिल्ड्रेडचं, गाडीत असेल तर नंतरचं.

मालिकेतलं दुसरं पुस्तक, 'द हिडन स्टेअरकेस', जुन्या आवृत्तीत मागवलं आहे. या वेळी ते आधी नात वाचणार आहे, आणि कोणती पानं सांगून ठेवायची ते ती मला सांगणार आहे.